ऑटिझम: गोवा आणि रावळपिंडीतल्या थेरपीचा अनुभव काय सांगतो?

ऑटिझम, म्हणजेच स्वमग्नता, हा मेंदूच्या वाढीतला फरक आहे. आईच्या हयगयीने, बाहेरच्या बाधेने किंवा मागच्या जन्मीच्या पापाने तो होत नाही. पापाची गोष्ट आपल्या वस्त्यांतही अजून ऐकू येते, याची आम्हाला खंत वाटते. पूर्वजन्मीच्या कर्माने या जन्माचे दुःख ठरते, हे मत बाबासाहेबांनी स्पष्ट नाकारले आहे.

थेरपीवरचे बहुतेक संशोधन युरोप-अमेरिकेतले, आणि तिथे ती तज्ज्ञ देतात. आपल्याकडे तालुक्याला तज्ज्ञ कुठून आणायचा? म्हणून 'पास' हा अभ्यास महत्त्वाचा. ब्रिटनमधली 'पॅक्ट' ही पद्धत दक्षिण आशियासाठी बदलून घेऊन गोव्यात 'संगाथ' संस्थेने आणि पाकिस्तानात रावळपिंडीत ती तपासली. 2 ते 9 वर्षांची 65 मुले होती. निम्म्यांना नेहमीचे उपचार, निम्म्यांना त्यासोबत ही थेरपी. कोण कुठल्या गटात, हे चिठ्ठी टाकावी तसे ठरले.

थेरपी दिली ती तज्ज्ञांनी नव्हे, प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी. सहा महिन्यांत 12 बैठका. आई किंवा वडील मुलाशी खेळतात, त्याचा व्हिडिओ काढायचा आणि दोघांनी बसून तो पाहायचा: इथे मुलाने तुमच्याकडे पाहिले, इथे तुम्ही घाई केलीत, इथे थांबलात तेव्हा त्याने हात पुढे केला. खर्चिक साधन काहीच नाही.

निष्कर्ष 2016 मध्ये 'लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री'त छापून आले. पालक मुलाच्या कलाने घेऊ लागले आणि मुले स्वतःहून संवाद सुरू करू लागली. पण दोघांनी मिळून एकाच गोष्टीत लक्ष गुंतवण्याचा वेळ उलट कमी झाला. हेही सांगितलेच पाहिजे. अभ्यास लहान होता, आणि ऑटिझम 'बरा' होतो असा दावा त्यात नाही.

असा दावा स्टेम सेलवाले करतात, आणि त्यासाठी लोक दागिने मोडतात. ऑटिझमसाठी स्टेम सेल उपचार करू नयेत, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळाने 2022 मध्येच सांगितले आहे.

मूल नावाला ओ देत नसेल, बोट दाखवत नसेल, तर कार्यकर्त्यांनी पालकांना जिल्हा रुग्णालयातील शीघ्र हस्तक्षेप केंद्रात न्यावे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचा समावेश आहे. प्रमाणपत्र मिळाल्यावर 'निरामय' विमा योजनेत एक लाखापर्यंतचे संरक्षण मिळते, त्यात थेरपीचा खर्चही येतो.