फोर बाय फोर गाडीचे गिअर ऑइल : पावसाळ्यानंतर कधी तपासायचे, कसे बदलायचे?

पावसाळा सरला की गाडीचे इंजिन ऑइल बदलणे, वॉशिंग करणे, ब्रेक बघून घेणे ही कामे बहुतेक जण न चुकता करतात. पण चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत इंजिनाखेरीज आणखी तीन-चार ठिकाणी ऑइल असते. ते शेवटचे कधी बदलले, असे विचारले तर फार थोड्या गाडीमालकांना सांगता येते.

राधानगरी, शाहूवाडी, भुदरगड, चंदगड, गगनबावडा या तालुक्यांत जुन्या जीपा, जिप्सी, फोर बाय फोर बोलेरो आणि थार आजही कामाच्या गाड्या आहेत. चिखलाची वाट, ओढा, डोंगरउतार हे त्यांचे रोजचे काम. त्यामुळे गिअर ऑइलमध्ये पाणी जाण्याचा धोका या भागात जास्त. उसाचा हंगाम सुरू होण्याआधी अर्धा दिवस काढून हे ऑइल बघून घेतले, तर ऐन हंगामात गाडी गॅरेजमध्ये अडकून पडत नाही.

ऑइल कुठे कुठे असते?

थार, जिम्नी, जिप्सी, गुरखा अशा फोर बाय फोर गाड्यांत साधारण चार जागा असतात.

१. गिअर बॉक्स.
२. ट्रान्सफर केस. गिअर बॉक्सची ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांना वाटून देणारा हा डबा. फोर बाय फोरचा छोटा दांडा किंवा बटण यालाच जोडलेले असते.
३. मागचे डिफरेन्शियल, म्हणजे क्राऊन-पिनियनचा गोळा.
४. पुढचे डिफरेन्शियल.

या प्रत्येकाला ऑइल भरायचा आणि काढायचा वेगळा नट असतो. ऑइलचा नंबरही वेगळा असू शकतो. गॅरेजमध्ये नुसते ‘गिअर ऑइल बदला’ म्हटले तर अनेकदा गिअर बॉक्स आणि मागचा गोळा एवढेच होते. पुढचा गोळा आणि ट्रान्सफर केस तसेच राहतात. म्हणून चारही जागांची नावे घेऊनच काम सांगावे.

ऑल व्हील ड्राइव्ह मोटारींची रचना जरा वेगळी. डस्टर किंवा ग्रँड विटाराच्या ऑल व्हील ड्राइव्ह मॉडेलमध्ये पुढचे डिफरेन्शियल गिअर बॉक्सच्या आतच असते. मागे ताकद पाठवणारा छोटा डबा गिअर बॉक्सला चिकटून बसवलेला असतो. त्यात ऑइल थोडे मावते आणि उष्णता मात्र बरीच होते. मागच्या गोळ्याजवळ कपलिंग असते. अशा गाडीला हाताला येईल ते ऑइल भरू नये, पुस्तकात दिलेलेच भरावे.

पाणी आत जाते कसे?

सगळे नट घट्ट असताना पाणी कुठून गेले, असा प्रश्न पडतो. याचे उत्तर ब्रीदरमध्ये आहे. डिफरेन्शियलच्या वरच्या बाजूला हवा आत-बाहेर करणारी छोटी टोपी किंवा नळी असते, तिला ब्रीदर म्हणतात. गाडी चालून गोळा तापला की आतली हवा फुगून ब्रीदरमधून बाहेर पडते. तोच तापलेला गोळा ओढ्याच्या गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि बाहेरचे ओढून घेते. ब्रीदर पाण्याखाली असेल तर पाणीच आत येते. ब्रीदर चिखलाने बंद असेल तर ऑइल सीलच्या कडेने पाणी शिरते.

म्हणून चाकाच्या मध्यापर्यंत किंवा त्याहून वर पाणी लागले असेल, तर त्या गाडीचे ऑइल बघितल्याशिवाय पुढचे काम धरू नये. पाण्याखाली गेलेल्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यावरून तर गाडी घालूच नये. तिथे प्रश्न ऑइलचा राहत नाही, जिवाचा होतो.

खराब ऑइल ओळखायचे कसे?

तपासणी सकाळी, गाडी सुरू करण्याआधी करावी. रात्रभर गाडी उभी राहिली की पाणी ऑइलच्या खाली बसते. सपाट जागेवर गाडी उभी करून खालचा ड्रेन नट किंचित सैल केला तर आधी पाण्याचे थेंब येतात. तेवढ्यावर नट परत आवळता येतो.

ऑइल हातात आले की पुढच्या गोष्टी बघाव्यात.

रंग : दुधाळ, चहासारखे किंवा फेसाळ दिसले तर पाणी गेले आहे. नुसते काळसर असेल तर जुने झाले आहे.

वास : नव्या गिअर ऑइललाही गंधकासारखा उग्र वास असतो, त्याला घाबरू नये. करपल्यासारखा वास मात्र ऑइल फार तापल्याची खूण आहे.

चिमटीतला कस : अंगठा आणि बोटात चोळल्यावर वाळूसारखे कण लागले तर आत झीज चालू आहे.

नटावरचे चुंबक : बऱ्याच गाड्यांच्या ड्रेन नटाला चुंबक असते. त्यावर करड्या रंगाचा मऊ लगदा असणे नेहमीचे आहे. धातूचे तुकडे, दाताचा कोपरा किंवा बेअरिंगचा रोलर सापडला तर नुसते ऑइल बदलून भागणार नाही, गोळा उघडावाच लागेल.

पाण्याबद्दल शंका राहिली तर थोडे ऑइल काचेच्या बाटलीत भरून दोन दिवस हलवू नये. पाणी असेल तर बहुधा तळाला थर दिसतो. दुसरी पद्धत म्हणजे तापलेल्या पत्र्यावर एकच थेंब टाकणे. पाणी असेल तर तो तडतडतो. हे करताना चेहरा लांब ठेवावा आणि स्वयंपाकाचा तवा वापरू नये.

काही जण आवाज येण्याची वाट बघत बसतात. क्राऊन-पिनियन झिजला की ठराविक वेगाला ‘घूं’ असा आवाज येतो आणि ॲक्सिलरेटर सोडला की तो बदलतो. बेअरिंग गेले तर घरघर सतत राहते. पण आवाज ऐकू येतो तोपर्यंत लोखंड झिजलेले असते. ते ऑइल बदलून परत येत नाही.

नव्वद नंबर सगळीकडे चालते का?

दुकानात ‘नव्वद नंबर द्या’ म्हटले की काम झाले, असा समज आहे. प्रत्यक्षात डब्यावर दोन गोष्टी बघायच्या असतात.

पहिली म्हणजे दाटपणा. ९०, ८०डब्ल्यू-९०, ७५डब्ल्यू-९० हे आकडे दाटपणाचे. गिअर ऑइलची मोजपट्टी इंजिन ऑइलपेक्षा वेगळी आहे. आकडा मोठा दिसला तरी नव्वद नंबरचे गिअर ऑइल दाटपणाला साधारण ४० ते ५० नंबरच्या इंजिन ऑइलएवढेच असते.

दुसरी गोष्ट म्हणजे जीएल-४ की जीएल-५. डिफरेन्शियलमध्ये क्राऊन आणि पिनियनचे दात एकमेकांवर घासत सरकतात, दाब प्रचंड असतो. त्यासाठी जीएल-५ ऑइलमध्ये गंधक आणि फॉस्फरसयुक्त घटक जास्त घातलेले असतात. गिअर बॉक्समध्ये पितळी सिंक्रो रिंगा असतात. तिथे अनेक कंपन्या जीएल-४ सांगतात, कारण जीएल-५ मधले काही घटक पितळेला मानवत नाहीत आणि गिअर पडायला जड जातो. ट्रान्सफर केसमध्ये चेन असेल तर काही गाड्यांना ऑटोमॅटिक गिअरचे पातळ ऑइल लागते. लिमिटेड स्लिप डिफरेन्शियल असेल तर त्यासाठी सांगितलेलेच ऑइल घालावे.

गाडीचे पुस्तक हरवले असेल तर अधिकृत सर्व्हिस सेंटरला मॉडेल आणि वर्ष सांगून चारही जागांचे ऑइल आणि लिटर विचारून लिहून घ्यावे.

बदलण्याची पद्धत

१. दहा-पंधरा मिनिटे गाडी चालवून ऑइल कोमट करावे. कोमट ऑइल पूर्ण गळते आणि गाळही सोबत येतो. लांबून आलेल्या गाडीचे ऑइल भाजण्याइतके गरम असते. ती थोडी निवू द्यावी.

२. गाडी सपाट जागेवर घ्यावी. हँडब्रेक लावावा, गाडी गिअरमध्ये ठेवावी आणि चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावावेत. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये. शक्यतो खड्डा किंवा रॅम्प वापरावा.

३. नटाभोवतीचा चिखल ब्रशने आणि फडक्याने साफ करावा, म्हणजे माती आत जात नाही.

४. आधी वरचा, भरायचा नट उघडावा. ही पायरी कधीही चुकवू नये. खालचा नट काढून सगळे ऑइल गाळले आणि मग वरचा नट गंजून बसल्याचे कळले, तर भरायला वाट राहत नाही. गाडी जागेवरच अडकते.

५. खाली घमेले किंवा कापलेला कॅन ठेवून ड्रेन नट काढावा. धार थांबून थेंब थेंब होईपर्यंत वाट बघावी.

६. चुंबक पुसावे. वॉशर चेपलेला असेल तर नवा घालावा. नट आधी हाताने फिरवून आटे बसवावेत, मग पाना लावावा. ॲल्युमिनियमच्या डब्याचे आटे जास्त जोर लावला की निघून येतात.

७. हातपंपाने किंवा वरून नळी सोडून नरसाळ्याने नवे ऑइल भरावे. वरच्या नटाच्या भोकातून ऑइल ओघळायला लागले की बहुतेक गाड्यांत पातळी बरोबर झाली. काही मॉडेलमध्ये पातळी वेगळी असते, ती पुस्तकात बघावी. जास्त भरू नये. मागच्या ॲक्सलमधले जादा ऑइल सील फोडून ब्रेक लायनरवर गेले तर ब्रेक लागत नाही.

८. ब्रीदर काढून साफ करावा, टोपी मोकळी हलते का बघावे. ओढ्यातून नेहमी जाणाऱ्या गाडीला ब्रीदरची नळी लांबवून उंचावर बांधून घेता येते.

९. वीस-पंचवीस किलोमीटर चालवून दोन्ही नट आणि सील कोरडे आहेत का, ते परत बघावे.

जिप्सी आणि जुन्या जीपच्या पुढच्या चाकाजवळ ग्रीस भरलेला गोल सांधा असतो. तिथून पातळ ग्रीस गळत असेल तर आतले सील गेलेले असू शकते. मग पुढच्या गोळ्यातले ऑइल ग्रीसमध्ये मिसळते आणि गोळा हळूहळू रिकामा होतो.

पाणी गेलेच असेल तर

एकदा ऑइल बदलून पाणी पूर्ण निघत नाही. ॲक्सलच्या नळ्यांत आणि बेअरिंगच्या खाचांत दुधाळ ऑइल राहून जाते. नवे ऑइल भरून थोडे अंतर चालवावे, ते गाळून परत नवे भरावे. तरी दुधाळ दिसले तर आणखी एकदा.

काही ठिकाणी गोळा डिझेलने किंवा रॉकेलने धुतात. गोळा खोलून, पुसून कोरडा करणार असाल तर गोष्ट वेगळी. पण न खोलता डिझेल ओतले तर ते आत राहते आणि नवे ऑइल पातळ करते. धुण्यासाठीही तेच गिअर ऑइल वापरणे चांगले.

पाणी गेलेली गाडी ‘नंतर बघू’ म्हणून उभी करून ठेवणे सगळ्यात वाईट. उभ्या गाडीत बेअरिंगवर गंज धरतो. तो गंज पुढे दातांमध्ये दळला जातो.

ऑइल लवकर खराब होऊ नये म्हणून

थार, जिप्सी, जिम्नी अशा गाड्यांत फोर बाय फोर लावल्यावर पुढची आणि मागची चाके एकमेकांशी बांधली जातात. कोरड्या डांबरी रस्त्यावर वळताना दोन्हींचे अंतर वेगवेगळे पडते, पण सुटायला जागा नसते. मग आतले शाफ्ट पिळले जातात, गिअर आणि ऑइल तापते. म्हणून चिखल, वाळू, ओली माती इथेच फोर बाय फोर लावावी आणि डांबरीवर आले की काढावी. चारही टायर एकाच मापाचे आणि सारख्या झिजेचे असावेत. ऑल व्हील ड्राइव्ह गाडीत तर हे फारच महत्त्वाचे.

उलट काही जण वर्षभर फोर बाय फोर लावतच नाहीत. पुढच्या गोळ्यात ऑइल फिरत राहावे म्हणून महिन्यातून एकदा मातीच्या रस्त्यावर काही किलोमीटर फोर बाय फोरमध्ये चालवावे.

पुस्तकात दिलेला किलोमीटरचा आकडा साध्या वापरासाठी असतो. चिखल, घाट आणि ओझे असेल तर त्याआधीच बदलावे.

ट्रॅक्टरवाल्यांसाठी

भाताच्या चिखलणीत चालणाऱ्या फोर व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरच्या पुढच्या ॲक्सललाही हेच लागू होते. मधला गोळा आणि दोन्ही चाकांजवळचे डबे वेगवेगळे तपासावेत. मात्र ज्या ट्रॅक्टरचे ब्रेक ऑइलमध्ये बुडालेले असतात, त्याच्या मागच्या हाऊसिंगला वेगळे ऑइल लागते. तिथे जीपचे नव्वद नंबर ओतले तर ब्रेक आणि हायड्रॉलिक दोन्ही बिघडू शकतात.

काढलेले ऑइल कुठे टाकायचे?

ओढ्यात, विहिरीजवळ किंवा बांधावर नाही. घातक कचऱ्याबाबतच्या २०१६ च्या केंद्रीय नियमांनुसार वापरलेले ऑइल घातक कचऱ्यात मोडते. झाकणाच्या कॅनमध्ये भरून, जुने ऑइल गोळा करणाऱ्या सर्व्हिस सेंटरला द्यावे. कॅनवर ‘जुने ऑइल’ असे मोठ्या अक्षरात लिहावे आणि तो मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवावा.

काम झाले की तारीख, किलोमीटर आणि चारही जागांच्या ऑइलचा नंबर कागदावर लिहून गाडीच्या कागदपत्रांसोबत ठेवावा. एका गोळ्यात ऑइल साधारण एक ते अडीच लिटर मावते. तेवढे ऑइल आणि अर्ध्या दिवसाची मजुरी एवढाच खर्च आहे. क्राऊन-पिनियनचा सेट आणि बेअरिंग बदलायचे म्हटले तर त्याच्या कितीतरी पट पैसे जातात, आणि सुटा भाग येईपर्यंत गाडी दारात उभी राहते ती वेगळीच.