एम्प्रेस मिलच्या चात्या

जमशेटजी टाटांनी नागपुरात जुम्मा तलावाजवळ उभारलेली एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली, तेव्हा तिच्यात १५,५५२ थ्रॉसल चात्या, १४,४०० म्यूल चात्या आणि ४५० माग होते. ज्या फिरत्या दांड्यामुळे सुताला पीळ बसतो आणि ज्याच्यावर ते गुंडाळले जाते, ती चाती. म्यूल यंत्रात चात्यांचा गाडा बाहेर सरकताना पीळ पडे व आत येताना सूत गुंडाळले जाई, म्हणून काम खंडित होई आणि त्याला कसबी हात लागे; थ्रॉसलवर या क्रिया अखंड चालत, पण तिचा वेग फारसा वाढवता येत नसे.

अमेरिकेत जॉन थॉर्प याने १८२८ मध्ये काढलेल्या रिंग पद्धतीत चातीभोवतीच्या स्थिर कड्यावर ट्रॅव्हलर नावाची तारेची बारीक आकडी फिरते, आणि तिच्यातून गेलेल्या धाग्याला पीळ बसत असतानाच तो कांडीवर गुंडाळला जातो. हे तत्त्व सर्व उत्पादकांना सारखेच खुले होते. खरा फरक चातीच्या बैठकीत होता. १८७१ च्या सॉयर चातीचे वजन कमी करून वरचा आधार कांडीच्या पोटात नेल्यामुळे मिनिटाला सुमारे साडेसात हजार फेरे मिळू लागले, तर त्यानंतरची रॅबेथ चाती तेलाने भरलेल्या पेल्यात किंचित सैल बसून आपला तोल आपणच साधत असल्याने त्याहूनही वेगाने फिरे. आज एकाच चिपची ग्राफिक्स कार्डे आसुस, एमएसआय आणि गिगाबाइट या कंपन्यांच्या नावांनी विकली जातात, तेव्हाही गणन करणारा गाभा एकच असतो आणि निवड करायची असते ती पंखे, उष्णता वाहून नेणारी धातूची रचना व वीजपुरवठ्याचे भाग यांच्यात. नागपूरच्या गिरणीपुढचा प्रश्न याच जातीचा होता.

व्यवस्थापक बेझनजी मेहता आणि तांत्रिक बाजू पाहणारे जेम्स ब्रुक्सबी यांच्या साहाय्याने जमशेटजींनी १८८३ च्या सुमारास रिंग साचे आणवून ते आपल्याच गिरणीत चालवून पाहिले. रिंग पद्धत इथे विशेष महत्त्वाची होती. मध्य प्रांतात म्यूलवर मुरलेला कामगारवर्ग नव्हता आणि रिंगवरचे काम नवख्या माणसालाही लवकर शिकता येई, तर इंग्लंडमधील कापडगिरण्यांच्या लँकेशायरकडे असा वर्ग पिढीजात होता आणि म्यूलमध्ये गुंतलेले भांडवलही प्रचंड होते. ओल्डहॅमची प्लॅट ब्रदर्स ही त्या काळातील वस्त्रयंत्रांची सर्वांत मोठी कंपनी, पण तिने रिंग साच्यांबाबत उत्साह दाखवला नाही, म्हणून मागणी मँचेस्टरच्या ब्रूक्स अँड डॉक्सीकडे गेली. जमशेटजींचे मोठेपण इथेच दिसते, कारण सर्वांत बड्या नावाच्या मतापेक्षा त्यांनी आपल्या साच्यावर निघणाऱ्या सुताला प्रमाण मानले, आणि तेही इंग्लंडमधील बहुतेक गिरण्या म्यूलला चिकटून असताना.

पुढे भारतातील इतर गिरण्याही रिंगकडे वळल्या. प्लॅट ब्रदर्सनेही रिंग साचे बनवून जपानला मोठ्या प्रमाणावर विकले, आणि त्यांवर निघालेल्या जपानी सुताने चीनच्या बाजारातून भारतीय सुताला मागे रेटले.