परसातील काकडी व मका

मृगाच्या पावसाने जमीन भिजली की आपल्या अनेक कुटुंबांच्या परसात दोन बिया हमखास टोकल्या जातात. विहिरीच्या कडेला मांडवावर काकडीचा वेल चढतो आणि कुंपणाच्या आतल्या अंगाला मक्याची ताटे उभी राहतात. पुढे काकडीची कोशिंबीर पानात येते आणि निखाऱ्यावर भाजलेल्या कणसाचा वास ओसरीभर दरवळतो. या गोष्टी इतक्या अंगवळणी पडल्या आहेत की त्या आपल्याकडे कोठून आल्या, हा प्रश्न सहसा मनात येत नाही. प्रस्तुत लेखात आम्ही त्याचा थोडा मागोवा घेणार आहोत.

काकडी ही मुळात आपल्याच देशाची लेक. हिमालयाच्या पायथ्याशी तिची रानटी, कडू बहीण आजही उगवते. बायबलच्या वाचकांना येथे गणना ग्रंथाचा अकरावा अध्याय आठवेल. मान्ना खाऊन कंटाळलेल्या इस्राएल लोकांना मिसरातील मासे, कांदे आणि लसूण यांच्याबरोबर काकड्यांचीही आठवण होते आणि ते रडू लागतात. यशया संदेष्टाही उजाड झालेल्या सियोनेला काकडीच्या मळ्यातील एकाकी खोपीची उपमा देतो. मात्र बायबलमधील ही काकडी म्हणजे खरबुजाच्या कुळातील एक लांबट फळ असावे, असे अलीकडच्या वनस्पतिशास्त्रज्ञांचे मत आहे. आपली काकडी पश्चिमेकडे बऱ्याच उशिरा गेली. युरोपात ती मध्ययुगात पोहोचली आणि स्पेनमध्ये तिला अरबांनी नेले.

मक्याचा प्रवास याच्या नेमका उलट. त्याचे माहेर मेक्सिको. तेथील बाल्सास नदीच्या खोऱ्यात तेओसिंते नावाचे एक गवत उगवते. त्याच्या इवल्याशा कणसात पाच ते बाराच दाणे असतात आणि प्रत्येक दाणा टणक कवचात बंद असतो. या गवतातून तेथील शेतकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या बी निवडून मका घडविला. याच खोऱ्यातील एका गुहेत सुमारे ८,७०० वर्षांपूर्वीच्या मक्याचे अवशेष सापडल्याचे २००९ साली प्रसिद्ध झाले. मक्याचे दाणे पानांच्या वेष्टनात गुंडाळलेले असल्यामुळे ते आपणहून जमिनीवर विखुरत नाहीत. माणसाने सोलून पेरले नाहीत तर मक्याचा वंशच टिकणार नाही. मेक्सिकोचे शेतकरी मक्याच्या जोडीला घेवडा आणि भोपळा लावीत. भोपळा हा काकडीचाच भाऊबंद. आपल्या परसात त्याची जागा काकडीने घेतली, एवढाच काय तो फरक.

१४९२ साली कोलंबसाची माणसे क्युबा बेटावर उतरली, तेव्हा युरोपीय लोकांना मक्याची ओळख झाली. त्यानंतर शंभर वर्षांच्या आत तो युरोप, आफ्रिका व आशिया खंडांत पसरला. भारतात तो सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांतून आला, असे सामान्यतः मानले जाते. कर्नाटकातील सोमनाथपूरच्या तेराव्या शतकातील मंदिरात मूर्तींच्या हाती मक्याची कणसे आहेत, असा दावा काही अमेरिकन अभ्यासकांनी १९८९ साली केला होता. परंतु बहुतेक तज्ज्ञांनी तो मान्य केलेला नाही. गंमत अशी की, या धान्याला जो तो परका समजत आला. इटलीत त्याचे नाव ‘तुर्की धान्य’, तर खुद्द तुर्कस्तानात त्याला म्हणतात ‘मिसर’, म्हणजे इजिप्त! नाव परके ठेवले, पण पोट मात्र सर्वांनी भरून घेतले.

याच प्रवासातील एक दुःखद प्रकरण आपण विसरता कामा नये. मेक्सिकोच्या स्त्रिया मका नुसता दळीत नसत. तो चुन्याच्या पाण्यात उकळून, रात्रभर मुरवून, धुऊन मग पाट्यावर वाटीत. युरोपने बी नेले, पण ही रीत नेली नाही. परिणामी ज्या प्रदेशांतील गरिबांना मक्यावाचून दुसरे अन्न मिळेना, तेथे एक भयंकर रोग पसरला. कातडी खरखरीत होऊन सोलवटे, हगवण लागे, शेवटी बुद्धिभ्रंश होऊन रोगी दगावे. स्पेनमधील डॉक्टर गास्पार कासाल यांनी १७३५ साली या रोगाचे वर्णन केले. १७७१ साली इटलीत त्याला ‘पेलाग्रा’ हे नाव मिळाले. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिण भागात त्याने हजारोंचे बळी घेतले. हा संसर्ग नसून आहारातील उणीव आहे, हे डॉक्टर जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१४ पासून चिकाटीने दाखवून दिले. ती उणीव नायसिन या जीवनसत्त्वाची, हे १९३७ साली निश्चित झाले. मक्यात ते असते, पण बांधलेले असते. चुन्याच्या पाण्याने ते मोकळे होते. शास्त्राला इतक्या वर्षांनी उमगलेली गोष्ट त्या निरक्षर स्त्रियांच्या हातांना ठाऊक होती.

मग ती कोणी शिकून का घेतली नाही? जिंकलेल्या लोकांच्या चुलीपाशी आपल्याला शिकण्यासारखे काही असेल, असे जेत्यांना वाटले नसावे. त्या जहाजांवर आपल्या ख्रिस्तसभेचा क्रूसही होता, हे आम्ही येथे नम्रपणे नोंदवितो. परंतु त्याच काळात बेर्नार्दिनो दे साहागुन हे फ्रान्सिस्कन धर्मगुरू मेक्सिकोच्या लोकांपाशी बसून, त्यांच्याच भाषेत, त्यांची शेती, अन्न व औषधे बारा खंडांत लिहून ठेवीत होते, हेही विसरून चालणार नाही. शेजाऱ्यापाशी शिष्य होऊन बसण्याची ही वाट तेव्हाही खुली होती.

आज हा प्रश्न आपल्या परसात येऊन ठेपला आहे. बी पाकिटातून मिळते, पण त्याच्याबरोबरची जाण हरवत चालली आहे. एकाच ओळीत लावलेल्या मक्याची कणसे बोडकी का राहतात, हे नव्या पिढीला ठाऊक नसते. तुऱ्यातील पराग वाऱ्याने कणसाच्या केसांवर पडावे लागतात आणि एकेक केस एकेका दाण्याचा असतो. म्हणून मका तीनचार ओळींच्या वाफ्यात लावावा. काकडीची पहिली फुले बहुधा नरफुले असतात. ती गळून पडताच वेल वांझ समजून उपटणारे आम्ही पाहिले आहेत. दोनचार दिवस धीर धरला तर मागे इवलीशी काकडी असलेले मादीफूल दिसते. मग काम मधमाशीचे. तिच्या येण्याच्या वेळी औषध फवारू नये, एवढेच. घरातील आजीला हे सारे ठाऊक असे. कोकणात तवशी आढ्याला टांगून ठेवण्याची आणि त्यांतील बी पुढच्या मृगासाठी राखण्याची चाल होती.

गोव्यात तळावली येथे, सतराव्या शतकाच्या अखेरीस पूर्ण झालेल्या संत आन्ना हिच्या भव्य चर्चमध्ये, जुलैच्या सुमारास ‘तवशांचें फेस्त’ भरते. अपत्यहीन जोडपी पवित्र मरियेच्या मातेपुढे तवसे अर्पण करून मूल मागतात. परसातील साधे फळ, पण त्याच्या पोटात पुढच्या पिढीचे बी आहे, हे त्या भाविकांना नेमके कळलेले असते.

यंदा आपल्या मांडवावरील एक काकडी पिवळी होईपर्यंत वेलावरच ठेवावी आणि वाफ्यातील एक चांगले कणीस वाळवावे. मात्र बी घरच्या जुन्या वाणाचे असावे. संकरित पाकिटातले बी दुसऱ्या वर्षी तसेच उतरत नाही. असे बी नसल्यास शेजारी मागावे, आणि मागताना ते कसे लावायचे तेही विचारून घ्यावे.