चावी काढली, तरी इंजिन चालूच

चावी फिरवली, बाहेर काढली, खिशात टाकली. दार उघडून पाय जमिनीवर टेकले. तरी पुढे बॉनेटखाली इंजिन आपलं टकटक करत चालूच! १९७०-८० च्या दशकांतली मर्सिडीज २४० डी किंवा ३०० डी ज्यांनी बरीच वर्षं वापरली, त्यांच्यातल्या अनेकांनी हा प्रसंग अनुभवलेला असतो. पहिल्या वेळी माणूस गांगरतो. मग कोणीतरी जाणता सांगतो: बॉनेट उघड, इंजिनावर ‘स्टॉप’ लिहिलेली एक छोटी कळ आहे, ती दाबून धर. कळ दाबली की इंजिन निमूट बंद पडतं.

हा झाला तात्पुरता उपाय. खरा बिघाड कुठे असतो? पुष्कळदा मागच्या दारात.

इंजिन बंद न होण्याचा दाराशी काय संबंध, हे समजलं की ही गाडी जगभर का टिकली तेही समजायला लागतं. पेट्रोल गाडीचं इंजिन स्पार्क तोडला की थांबतं. डिझेल इंजिनाला स्पार्क नसतोच. हवा दाबून इतकी तापवतात की डिझेल आपोआप पेटतं. या मर्सिडीजच्या इंजिनात तो दाब एकास एकवीस होता. एकदा सुरू झालेल्या अशा इंजिनाला विजेची गरज उरत नाही. ते थांबवायचं तर डिझेलच तोडायला हवं. त्यासाठी मर्सिडीजच्या इंजिनिअरांनी व्हॅक्यूम वापरला. इंजिनावरचा एक पंप सतत हवा ओढत राहतो. चावी बंद केली की ती ओढ एका बारीक नळीतून इंजेक्शन पंपावरच्या रबरी पडद्यापर्यंत पोचते, पडदा आत खेचला जातो आणि डिझेल तुटतं.

याच पंपावर ब्रेकचा बूस्टर चालतो. सेंट्रल लॉकिंग असलेल्या गाडीत दारांची, डिकीची आणि डिझेल भरायच्या झाकणाची कुलपंही त्याच व्हॅक्यूमवर उघड-बंद होतात. एकेका कुलपाशी रबरी पडदा असतो. वीस वर्षांनी एखादा पडदा फाटतो, तिथून हवा आत शिरते, सगळ्या जाळ्यातली ओढ कमी होते आणि इंजिनाचा पडदा हलायला जोर उरत नाही. मागच्या दारातलं फाटकं रबर पुढचं इंजिन बंद होऊ देत नाही, ते असं.

हा दोष शोधायला कसलाही संगणक लागत नाही. कुलपांकडे जाणाऱ्या नळ्या पिवळ्या, इंजिन बंद करणारी तपकिरी. हातपंपाला डायल लावलेली असते. तो एकेका नळीला जोडून ओढ तयार करायची आणि सुई बघत बसायचं. सुई खाली सरकली, तर गळती त्याच फाट्यावर. ती सापडेपर्यंत नळी बंद ठेवायला अमेरिकेतले मालक गोल्फचा चेंडू ठेवायची छोटी खुंटी नळीच्या तोंडात खुपसतात. ती नेमकी बसते. तपकिरी नळीत तेल दिसलं, तर निदान आणखी सोपं: इंजेक्शन पंपावरचाच पडदा फाटला आहे आणि इंजिनाचं तेल नळीत ओढलं जात आहे.

मर्सिडीजच्या कारखान्यात या गाडीचं नाव होतं डब्ल्यू १२३. जानेवारी १९७६ मध्ये ती बाजारात आली आणि मागणी इतकी उसळली की काही काळ वर्षभर वापरलेली गाडीही नव्या गाडीच्या भावाने विकली जात होती. आधीचं मॉडेल, डब्ल्यू ११५, त्या वर्षअखेरपर्यंत सोबत बनवत राहावं लागलं. दहा वर्षांत सुमारे २७ लाख गाड्या बाहेर पडल्या. जर्मनीत तीच गाडी डॉक्टर-वकिलांच्या दारात उभी असे आणि तीच स्टेशनाबाहेर टॅक्सीच्या रांगेत. टॅक्सीवाल्याला गाडी बंद ठेवणं परवडत नाही, म्हणून दुरुस्ती झटपट व्हावी हा विचार तिच्या रचनेतच होता. बॉनेट दोन टप्प्यांत उघडतं. दुसऱ्या टप्प्यात ते सरळ उभं राहतं आणि काम करणाऱ्याचं डोकं कुठेच आपटत नाही.

अटलांटिकच्या पलीकडे तिची गोष्ट वेगळी झाली. १९७३ च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेत डिझेल गाड्यांकडे लोकांचं लक्ष गेलं आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे विकल्या जाणाऱ्या मर्सिडीजमध्ये बहुसंख्य डिझेल होत्या. नवी होती तेव्हा ती श्रीमंतांची गाडी होती. दहा-पंधरा वर्षांनी ती शिक्षकांच्या, विद्यार्थ्यांच्या, सुतार-प्लंबरच्या हाती आली. त्यांना ती खरेदीला परवडे, पण कंपनीच्या वर्कशॉपचं बिल परवडत नसे. तिथून मालकाने स्वतः पाना हातात घेण्याचा काळ सुरू झाला.

त्यांच्या मदतीला पुस्तकं होती. इंग्लंडमध्ये जॉन हेन्स या शाळकरी मुलाने १९५६ मध्ये ऑस्टिन ७ पासून स्पोर्ट्स गाडी कशी बनवायची याची पुस्तिका स्वतः छापली. २५० प्रती दहा दिवसांत संपल्या. पुढे तो हवाई दलात गेला. एडनला नेमणूक असताना एका सहकाऱ्याची ऑस्टिन-हीली स्प्राइट दुरुस्त करायला मदत करताना त्याच्या लक्षात आलं की कंपनीचं मॅन्युअल सामान्य माणसाच्या उपयोगाचं नाही. त्याने कॅमेरा घेतला, गाडी खोलताना आणि जोडताना पायरीपायरीने फोटो काढले. १९६६ मध्ये पहिलं हेन्स मॅन्युअल निघालं ते याच गाडीचं. गाडी प्रत्यक्ष खोलायची, परत जोडायची आणि मगच लिहायचं, हा हेन्सच्या कंपनीचा शिरस्ता झाला. डब्ल्यू १२३ च्या डिझेल गाड्यांवरही त्यांचं पुस्तक आहे. घरामागच्या शेडमध्ये, तेलाने माखलेल्या अंगठ्यांचे ठसे पानापानावर उमटलेली अशी पुस्तकं हजारोंनी वापरली गेली.

या गाडीच्या बिघाडांची गंमत ही की ते तर्काने सुटतात. थंडीतल्या सकाळी गाडी सुरू होत नाही, ही नेहमीची तक्रार घ्या. डिझेल इंजिनाला सकाळी ऊब देण्यासाठी प्रत्येक सिलिंडरमध्ये एक हीटर प्लग असतो. प्लग तापेपर्यंत चावी धरून थांबायचं. या वाट बघण्याला जर्मन लोक ‘रुडॉल्फ डिझेल यांच्या स्मरणार्थ एक मिनिट’ म्हणत. साधारण १९८० पर्यंतच्या गाड्यांत हे प्लग एकामागे एक, माळेसारखे जोडलेले होते. गणपतीच्या आराशीतली जुनी दिव्यांची माळ आठवा: एक दिवा गेला की सगळी माळ अंधारात. इथेही तेच, एक प्लग जळला की सगळेच थंड. आणि शोधायची रीतही माळेचीच. एकेका प्लगला तारेचा तुकडा लावून वळसा द्यायचा; ज्याला वळसा दिल्यावर प्रवाह पुन्हा वाहू लागतो, तो प्लग गेलेला. नंतरच्या गाड्यांत प्रत्येक प्लगला स्वतंत्र वायर आली आणि तापायला लागणारा वेळही काही सेकंदांवर आला.

पण प्लग बदलून, बॅटरी बदलूनही सकाळची रड थांबली नाही तर? तिथे नवखा माणूस पैसे घालवत बसतो आणि अनुभवी माणूस टॅपेट बघतो. या इंजिनाचे टॅपेट दर २४,००० किलोमीटरना हाताने सेट करावे लागतात. झडपा आणि त्यांच्या बैठका झिजतात, तशी टॅपेटची फट कमी होत जाते. फट संपली की झडप पूर्ण मिटत नाही, दाब निसटतो आणि हवा डिझेल पेटण्याइतकी तापत नाही. इंजिन थंड असताना वरचं कव्हर काढायचं. मोठा सॉकेट लावून इंजिन हाताने फिरवायचं, तेही सरळ दिशेनेच. उलट फिरवलं तर टायमिंग चेनचा ताण बिघडू शकतो. कॅमचं नाक वर आलं की फिलर गेजची पाती फटीत सरकवायची. २४० डी मध्ये हवा घेणाऱ्या झडपेला ०.१० मिलिमीटर, धूर सोडणाऱ्या झडपेला ०.३० मिलिमीटर. दोन चौदा नंबरी पान्यांनी नट एकमेकांवर घट्ट करताना फट हलते, म्हणून तिसऱ्या पान्याने खालचा भाग धरून ठेवायचा. पाती सरकताना किंचित अडली पाहिजे, जोर लावावा लागता कामा नये. ही ‘किंचित’ची जाणीव आठ झडपा होईपर्यंत बोटांना येते. दुपारभराचं काम, खर्च एका गॅसकेटचा, आणि दुसऱ्या दिवशी इंजिन पहिल्या झटक्याला उठतं.

अमेरिकेतली ही घरगुती विद्या मोरोक्कोत रोजगार झाली. युरोपात वापरून झालेल्या शेकडो-हजारो गाड्या भूमध्य समुद्र ओलांडून तिथे ‘ग्रां टॅक्सी’ झाल्या. पुढे ड्रायव्हरशेजारी दोघं, मागे चौघं, आणि गाडी भरल्याशिवाय हलायचं नाही. गावागावांना जोडणारी ही सेवा दशकानुदशकं जुन्या मर्सिडीजवर चालली. ग्रीसमधल्या थेस्सालोनिकीच्या ग्रेगोरिओस साचिनिडिस या टॅक्सीचालकाने तर आपली १९७६ ची २४० डी, म्हणजे आधीच्या पिढीतली डब्ल्यू ११५, वेळोवेळी इंजिन काढून-घालून ४६ लाख किलोमीटर चालवली. २००४ मध्ये ती त्याने मर्सिडीजच्या संग्रहालयाला दिली.

मोरोक्कोतलं हे वर्णन वाचून कोल्हापूर-साताऱ्याकडच्या वाचकाला वडाप, म्हणजे माणसं भरल्याशिवाय न हलणारी जीप, आठवलं असेल. नुसतं साम्य असतं तर इथेच थांबता आलं असतं. पण हे नातं रक्ताचं आहे. १९५८ मध्ये जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या टेम्पो कंपनीबरोबर करार करून फिरोदियांनी तीनचाकी टेम्पो भारतात आणला. पुढे ती जर्मन कंपनी हानोमागमध्ये आणि हानोमागचा वाहनउद्योग डायम्लर-बेंझमध्ये मिसळला. त्यामुळे फिरोदियांच्या बजाज टेम्पो कंपनीला मर्सिडीजच्या तंत्रज्ञानाचं दार उघडं झालं. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात कंपनीने ट्रॅव्हलर आणि ट्रॅक्स बाजारात आणल्या, त्यांतलं डिझेल इंजिन होतं ओएम ६१६ या कुळातलं. मर्सिडीज २४० डी च्या बॉनेटखालचं इंजिनही तेच. श्टुटगार्टमध्ये उच्चभ्रूंच्या गाडीसाठी आखलेलं इंजिन पिंपरी-चिंचवडमधल्या आकुर्डीत बनून, माणसांनी खचाखच भरलेल्या ट्रॅक्समधून घाटवाटा चढू लागलं.

ट्रॅक्सवर हात बसलेल्या मिस्त्रीला २४० डी चं इंजिन परकं वाटायचं कारण नव्हतं. टॅपेटची फट तशीच, ‘एअर धरली’ की हातपंप मारून, नोझलच्या पाइपांचे नट सैल करून, बुडबुडे थांबेपर्यंत एअर काढायची रीत तशीच. इंजेक्शन पंपाचं कॅलिब्रेशन करणारी दुकानं मायको कंपनीच्या पंपांमुळे तालुक्याच्या गावापर्यंत पोचलेली. आयात मोटारींवर कडक निर्बंध असतानाही परदेशी वकिलातींनी वापरलेल्या काही मर्सिडीज स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत भारतीय मालकांकडे आल्या. या सगळ्या ज्ञानाचा त्या मालकांना आधार होता.

पुण्याचा आणि मर्सिडीजचा पुढचा अध्याय १९९५ चा. टेल्कोच्या पिंपरीतल्या आवारात डब्ल्यू १२४ ही ई-क्लास गाडी जोडली जाऊ लागली. ही डब्ल्यू १२३ ची धाकटी बहीण, १९८४ अखेरची. तिच्यात दुरुस्तीची भाषाच पालटली होती. पेट्रोल इंजिनांच्या डोक्यावर आता इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिट होतं. बॅटरीमागे दडलेला एक रिले, ज्याच्या माथ्यावर १० अँपिअरचा फ्यूज असतो, जास्तीच्या व्होल्टेजपासून या युनिटचं रक्षण करतो. त्याच्या आतलं सोल्डर तडकलं की एबीएसचा दिवा लागतो आणि इंजिन रिकामं चालताना अडखळतं. म्हणून या दोन तक्रारी एकत्र आल्या की जाणता मालक आधी तो रिले तपासतो. १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धातल्या बऱ्याच गाड्यांत इंजिनाच्या वायरिंगचं वेष्टण उष्णतेने ठिसूळ होऊन पापडासारखं तुटतं. तिथे निदान सोपं, इलाज मात्र एकच: अख्खं हार्नेस बदला.

कॅलिफोर्नियाने १९८८ पासून गाडीनेच आपला बिघाड नोंदवावा असा नियम केला. अमेरिकेतल्या डब्ल्यू १२४ मध्ये बटण दाबून दिव्याची उघडझाप मोजायची आणि त्या आकड्याचा अर्थ पुस्तकात बघायचा, अशी सोय आली. १९९६ पासून तिथल्या प्रत्येक नव्या मोटारीला एकसारखं सॉकेट आणि एकसारखे कोड सक्तीचे झाले. त्यानंतर प्रश्न उभा राहिला तो कोड वाचण्याच्या हक्काचा. २०१२ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी दुरुस्तीची माहिती मालकाला आणि स्वतंत्र गॅरेजना मिळालीच पाहिजे, असा कौल दिला. हेन्सने १९६६ मध्ये फोटो काढून जे केलं, त्यासाठी आता कायदा करावा लागत होता.

डब्ल्यू १२३ या वादाच्या आधीची. जर्मनीत तीस वर्षं ओलांडलेल्या गाड्यांना ऐतिहासिक वाहनाची नंबरप्लेट मिळते आणि ती लावलेल्या गाड्यांत आज डब्ल्यू १२३ मोठ्या संख्येने दिसते. श्टुटगार्टजवळ फेलबाख इथे १९९३ पासून कंपनीचं क्लासिक केंद्र आहे. जुन्या गाड्यांचे सुटे भाग कंपनी अजून पुरवते. इंजिनाचे मोठे भाग क्वचितच लागतात. लागतं ते रबर: नळ्यांचे सांधे, गाडीचे बुश, दारातले पडदे.

असा एखादा पडदा आला की मालक शनिवारी दुपारी मागच्या दाराचं पॅनल उतरवतो. क्लिपा तुटू नयेत म्हणून बोटं हळू चालवतो, जुना पडदा काढून नवा बसवतो, पिवळ्या नळीला हातपंप जोडतो. डायलची सुई वर चढते. तो घड्याळ बघतो. पाच मिनिटांनी सुई तिथेच असते. मग तो पुढे जाऊन इंजिन सुरू करतो, क्षणभर चालू देतो आणि चावी उलटी फिरवतो. इंजिन एका श्वासात थांबतं. बाहेर येऊन तो ड्रायव्हरच्या दाराला चावी लावतो. दारं, डिकी आणि डिझेलच्या टाकीचं झाकण एकदमच ‘खट्’ करून बंद होतात.