घाटपायथ्याची शिदोरी



शिदोरी हा शब्द आपण अलीकडे बहुधा लाक्षणिक अर्थानेच वापरतो. विचारांची शिदोरी, संस्कारांची शिदोरी. व्याख्यानमालेच्या आभारप्रदर्शनात तर तो हटकून येतो. मी आज बोलणार आहे ते फडक्यात बांधलेल्या किंवा डब्यात भरलेल्या, आणि चार-सहा तासांनी गारच खाव्या लागणाऱ्या खऱ्याखुऱ्या शिदोरीविषयी. कर्जत आणि खालापूर या तालुक्यांचा इतिहास सांगताना किल्ले, लढाया आणि रेल्वे यांच्या पंगतीला हे गार जेवणही बसवले पाहिजे, असे माझे मत आहे. कारण आपला मुलुख मुक्कामाचा कमी आणि वाटेचा अधिक. वाटेवरच्या माणसाला चूल मिळत नाही. त्याला जे काही चवीने खायचे, ते घरून निघतानाच करून घ्यावे लागते.

ही वाट फार जुनी आहे. राजमाचीच्या पायथ्याची कोंढाण्याची लेणी ख्रिस्तपूर्व काळापासून तिची साक्ष देत उभी आहेत. पेणेकडचे मीठ बैलांच्या पाठीवरून घाट चढत असे आणि देशावरचे धान्य उतरत असे. १६६१ च्या फेब्रुवारीत उंबरखिंडीत कारतलबखानाची फौज शिवाजी महाराजांनी कोंडली, ती आपल्या खालापूर तालुक्यातच. अवजड लवाजम्यानिशी अरुंद रानात शिरलेले सैन्य पाण्यावाचून कासावीस झाले आणि हलक्या सामानाने फिरणाऱ्यांनी त्याला शरण आणले. पुढे नाना फडणविसांनी खोपोलीस तलाव आणि महादेवाचे देऊळ बांधले. त्या तलावाकडे आपण धर्मकृत्य म्हणून पाहतो, तसे ते आहेच. परंतु घाट चढण्यापूर्वी हातपाय धुऊन शिदोरी सोडण्याची ती जागा होती, हेही ध्यानात घ्यावे. पाणवठ्याशिवाय शिदोरी सुटत नाही. १८३० साली मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या कारकीर्दीत घाटात गाडीरस्ता झाला आणि पायी, तट्टावरून, बैलगाडीतून जाणाऱ्यांची रहदारी वाढली.

या प्रवाशांच्या शिदोऱ्या सारख्या नव्हत्या. सोवळेओवळे पाळणाऱ्यांपुढे पाण्यात शिजलेल्या अन्नाचा प्रश्न असे. ते खरकटे, वाटेत, भलत्या जागी, चारचौघांत चालायचे नाही. मग पीठ पाण्याऐवजी दुधात भिजवून दशमी करीत. दुधातली म्हणून ती चालत असे. गंमत अशी की शास्त्राने काढलेली ही पळवाट पाकशास्त्राच्याही उपयोगी पडली. दुधात भिजवलेल्या पिठाची दशमी दुसऱ्या दिवशीही मऊ राहते, आणि त्यात गूळ घातला तर तिला तोंडीलावणेही लागत नाही. धर्माने सांगितले म्हणून दशमी आली, की दशमी टिकते म्हणून धर्माने तिला परवानगी दिली, याचा निवाडा मी करणार नाही. माझा कल दुसऱ्या बाजूला आहे.

ज्यांना अशा पळवाटेची गरज नव्हती आणि दूधही परवडत नव्हते, त्यांची शिदोरी भाकरीची. आपल्याकडे भात पिकतो. परंतु तांदळाच्या भाकरीचा एक दोष आहे. ती गार होताच वातड होते. त्यावर उपाय उकडीचा: पीठ थेट मळण्याऐवजी आधी उकळत्या पाण्यात घालून वाफ आणायची आणि मग मळायचे. अशी भाकरी दुपारपर्यंत घडी घालता येईल इतकी नरम राहते. डोंगरउतारावर ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्यांवर नाचणी आणि वरी यांवर भिस्त. नाचणीच्या भाकरीबरोबर लसूण-मिरचीचा ठेचा, बुक्कीने फोडलेला कांदा, आणि असलाच तर परतलेला जवळा किंवा भाजलेला सुका बोंबील. या सर्वांत पाण्याचा अंश थोडा, मीठ आणि तिखट चढे. जे टिकते ते यात आहे, जे नासते ते यात नाही. कोणी पुस्तक वाचून हे केलेले नाही.

मात्र शिदोरी बांधायला आधी घरात दाणा लागतो. भात पिकवणाऱ्याच्याच घरात पावसाळ्यात भात नसावा, सावकाराकडून आणलेल्या दाण्याची फेड दामदुपटीने करावी लागावी, ही या भागाची जुनी कहाणी. माथेरानच्या भाई कोतवालांनी शेतकऱ्यांसाठी धान्यकोठी काढली ती यासाठीच. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर ते हुतात्मा झाले; आझाद दस्त्याने तोडलेले विजेचे मनोरे आपल्याला आठवतात, आणि तो पराक्रम आठवण्याजोगाच आहे. धान्यकोठीचा उल्लेख मात्र आपण एका वाक्यात उरकतो. शिदोरीच्या इतिहासात तो उल्लेख पहिल्या पानावर यावयास हवा.

आता रेल्वेकडे वळू. १६ एप्रिल १८५३ रोजी गाडी ठाण्यापर्यंत धावली, १८५४ मध्ये कल्याणला पोचली आणि १८५६ च्या मे महिन्यात खोपोलीला. खंडाळा ते पुणे हा तुकडा १८५८ मध्ये सुरू झाला. पण मध्ये घाट होता. पाच वर्षे मुंबईचा प्रवासी खोपोलीस उतरून पालखीतून, तट्टावरून किंवा चालत खंडाळा गाठीत असे आणि तेथे पुन्हा गाडीत बसत असे. तो पूर्ण दिवसाचा प्रवास. घाटातील लोहमार्गाचे काम १८५६ ते १८६३ असे सात वर्षे चालले. ऐन भरात चाळीस हजारांवर माणसे कड्यांवर राबत होती, आणि पटकीने किती जणांना नेले याला हिशेब नाही. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये येथे येताच मरण पावला आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने ते कंत्राट पुरे करून घेतले, हे इतिहासात नमूद आहे. दरडीवर लोंबकळत सुरुंग लावणाऱ्याच्या कमरेला भाकरी कोणी बांधून दिली, हे नमूद नाही. बोगद्याच्या तोंडाशी चूल मांडता येत नाही. सरकारी दप्तरात टोलाचा हिशेब राहतो, भाकरीचा राहत नाही.

१८६३ मध्ये मुख्य मार्ग पळसदरीवरून घाटात वळला आणि एके काळचे शेवटचे स्थानक खोपोली फाट्यावर राहिले. पण खोपोलीचे भाग्य फिरले ते पाण्याने. १९१५ मध्ये तेथे आणि १९२२ मध्ये भिवपुरीला टाटांची वीजगृहे सुरू झाली. घाटमाथ्याचे पाणी खाली पडून झालेली वीज मुंबईच्या गिरण्यांना गेली, आणि आपल्याकडे पाळीचे काम आले. मग १९२९ च्या सुमारास गाड्याही विजेवर धावू लागल्या. मुंबई कर्जतपासून सुमारे शंभर किलोमीटर. जाता दोन तास, येता दोन तास. म्हणजे ज्याला दहाला कचेरीत हजर व्हायचे तो सातच्या आत गाडीत, आणि ज्याला कारखान्यात सातला हजेरी द्यायची त्याची पहाट चारच्याही आधी. डबा भरतो पावणेपाचला आणि उघडतो एकला. ही आठ तासांची दरी आपल्या घरांतील बायांनी कशी भरून काढली, हा माझ्या दृष्टीने या व्याख्यानाचा गाभा आहे.

पहिली गोष्ट, गार अन्नाची चव जिभेला मंद लागते. म्हणून डब्याच्या भाजीत मीठ कणभर अधिक आणि आमसूल किंवा चिंच थोडी सढळ. आंबटाने चवही जागी राहते आणि भाजीही लवकर नासत नाही. दुसरी, डब्याच्या पोळीला तूप लावायचे नाही, तेल लावायचे. पौष-माघात आपल्याकडे पहाटे चांगली थंडी असते. तूप गोठून पोळीवर पांढरे कवच धरते, तेल तसे करीत नाही. तिसरी, ओले खोबरे टाळून दाण्याचे कूट, तीळ किंवा सुके खोबरे वापरायचे. आणि सर्वांत महत्त्वाची: वाफ जिरल्याशिवाय झाकण लावायचे नाही. वाफेचे पाणी होते, त्याने पोळी चिकटते आणि भाजी आंबते. जुन्या फडक्याला ही काळजी करावी लागत नव्हती, ते पाणी पिऊन टाकी. पितळी आणि पुढे स्टीलचा डबा आला, प्रतिष्ठा वाढली आणि ही नवी दक्षता मागे लागली.

घाईच्या दिवशीही हे सारे जमते. बटाट्याच्या काचऱ्या दहा मिनिटांत होतात आणि गार झाल्यावर काठाला कुरकुरीतपणा गेला तरी चव जात नाही. परतलेली भेंडी, मेथीची थालीपिठे, तिखटमिठाच्या पुऱ्या तशाच. झुणका तर गार होऊन मुरला की अधिक लागतो. सुकटीच्या चटणीला या यादीत वरचे स्थान आहे. फक्त डबा उघडल्यावर शेजाऱ्याची समजूत घालावी लागते.

भाताची बाब नाजूक. कोमट भात बंद डब्यात तासन्‌तास राहिला तर त्यात अपाय करणारे जंतू वाढतात. एकदा तयार झालेले त्यांचे विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. त्यावर तोडगा दहीभाताचा, आणि त्यात दही घालायचे नाही. भात पसरून नुसता कोमट होऊ द्यायचा, मऊ कालवून त्यात भरपूर दूध, मीठ आणि चमचाभर विरजण घालायचे, वर हिंग-मिरचीची तेलाची फोडणी. डबा निघतो तेव्हा तो दूधभात असतो. नेरळ, वांगणी, बदलापूर मागे पडतात, कल्याणला गर्दी अंगावर येते, आणि डब्याच्या आत दही लागत असते. दुपारी तो ताजा दहीभात होऊन निघतो, आंबट नाही की कोरडा नाही. घरून दही घालून नेलेला भात त्या वेळेपर्यंत तोंड वाकडे करायला लावतो. आठ तासांच्या विलंबालाच कामाला लावणारा यासारखा दुसरा पदार्थ मला ठाऊक नाही.

मुंबईचे डबेवाले जगात नावाजले गेले. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी हा धंदा उभा केला असे सांगतात. त्यातील माणसे बहुतांशी मावळ, खेड, जुन्नर, आंबेगावची. घाटावरून आपल्याच कर्जतवरून मुंबईला गेलेली. शहरातील माणसाला घरचे जेवण कचेरीत पोचते ते त्यांच्या पायांवर. पण ही सोय मुंबई आणि तिच्या उपनगरांतील घरांना. कर्जतच्या माणसाचा डबा त्याच्याच मांडीवर बसून जातो. आता पुष्कळ कचेऱ्यांत अन्न गरम करण्याची यंत्रे आली, ती बांधकामावर नाहीत, गोदामात नाहीत, दारावरच्या पहारेकऱ्याच्या टपरीत नाहीत.

आपल्या स्थानकाची कीर्ती मात्र गरम पदार्थाची आहे. घाट चढण्यासाठी मागून जादा इंजिने जोडावी लागत म्हणून पुण्याकडची प्रत्येक गाडी कर्जतला खोळंबू लागली. बऱ्याच गाड्यांना ती आजही जोडतात. या खोळंब्यातून बटाटेवडा मोठा झाला. दिवाडकरांचे नाव त्याच्याशी कायमचे जोडले गेले. वडा, पाव आणि लसणाची कोरडी चटणी: ओले काही नाही, ताट-वाटी नाही, खिडकीतून घेता येते. वडा गार झाला तर आवरण मऊ पडते, चटणी त्याला सावरून घेते. त्या दिवशी घरी कोणी चारला उठले नाही तरी माणूस उपाशी राहत नाही, हा वड्याचा मोठा उपकार, आणि तो खाणाऱ्यापेक्षा घरात राहणाऱ्या बाईवर अधिक.

आता ती बाई घरातच राहते असेही नाही. तीही लोकल पकडते. संध्याकाळी मुंबईहून सुटलेल्या कर्जत गाडीत बायकांच्या डब्यात पाहा. ठाण्यापर्यंत उभे राहायलाही जागा नसते. पुढे जराशी मोकळीक झाली की पिशव्या उघडतात, मांडीवर वर्तमानपत्र पसरते, मेथी निवडली जाते, मटार सोलले जातात, लसणाच्या पाकळ्या सुट्या होतात. बदलापूर येईतो उद्याच्या डब्याची भाजी निवडून झालेली असते. ज्यांना खोपोलीकडे जायचे, त्या कर्जतला उतरून फाट्याच्या गाडीची वाट पाहत फलाटावर उभ्या राहतात. पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी. घरी पोचेपर्यंत रात्र होते, आणि चारचा गजर लावलेला असतो.