मनगटावरचे वाचन

नाडीपरीक्षेचा इतिहास हा एका परीने उपमांचा इतिहास आहे. चरक-सुश्रुतांच्या संहितांत तिला स्वतंत्र स्थान नाही; मध्ययुगीन शार्ङ्गधरसंहितेत मात्र ती ठळकपणे अवतरते. वाताची नाडी जळूसारखी वा सापासारखी, पित्ताची बेडकासारखी, कफाची हंसासारखी. थांबत थांबत चालणारी नाडी प्राणघातक, असेही तेथे म्हटले आहे. बेताल ठोक्याचे भय असे जुने आहे.

विसाव्या शतकाने उपमेच्या जागी आलेख आणला. आइन्थोव्हेन यांच्या तारेच्या गॅल्व्हानोमीटरचे वजन सुमारे २७० किलो होते आणि तो चालवायला पाच माणसे लागत. या बेताल नाडीमागे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची, म्हणजे अलिंदांची, थरथर असते, हे टॉमस लुइस यांनी १९०९ साली आलेखावरून दाखविले. पुढे नॉर्मन हॉल्टर यांनी यंत्र चालत्या माणसाच्या पाठीवर दिले, तेही ३८ किलोंचे! हमालीच ती.

आज तेच काम मनगटावरचे घड्याळ करू पाहते. त्याचा हिरवा प्रकाश त्वचेखालच्या रक्ताच्या चढउतारावरून ठोक्यांमधील अंतरे मोजतो. त्यांत ताल नसेल तर सूचना देतो. अ‍ॅपल घड्याळाच्या २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४,१९,२९७ माणसे होती. सूचना मिळाली अवघ्या अर्ध्या टक्क्याला. त्यांपैकी ज्यांनी पुढे छातीवर ईसीजीची पट्टी लावून परत पाठविली, त्यांच्यातील ३४ टक्क्यांत ही थरथर आढळली. उरलेल्यांची सूचना खोटीच होती, असे मात्र म्हणता येत नाही. हा विकार येतो आणि जातो.

आम्हांला खटकते ते वेगळेच. त्याच अभ्यासात पासष्टीपुढच्यांत सूचनेचे प्रमाण सुमारे तीन टक्के होते, चाळिशीच्या आतल्यांत ०.१६. बदलापूर पूर्वेच्या शिरगावातून सकाळची लोकल गाठायला धावणाऱ्या तरुण मनगटांवर ही घड्याळे दिसतात. विकार वाढतो तो घरी राहिलेल्यांच्या वयात. थरथरत्या अलिंदात रक्त साकळते, गुठळी मेंदूत जाते, पक्षाघात होतो; वेळीच कळले तर रक्त पातळ ठेवणारी औषधे त्यातील बरेच टाळू शकतात. शिवाय आपल्याकडे संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप बिघडलेल्यांना हा विकार ऐन तारुण्यातही गाठतो, आणि त्यांतील बहुतेकांना असले घड्याळ परवडणारे नसते.

मुलगा लोकलमध्ये आपले ठोके पाहत असतो. घरी आईच्या मनगटावर बांगड्या आहेत. त्या जरा वर सरकवून तीन बोटे ठेवली, मिनिटभर मोजले, आणि ताल चुकतो असे वाटले तर ईसीजी काढून घेतला, एवढे तरी संध्याकाळी जमण्यासारखे आहे.