दोन कोसांवर पाणी

शेरशाह सूरीचे नाव निघाले की आपण 'ग्रँड ट्रंक रोड' म्हणतो आणि थांबतो. पण रस्ता एक नव्हता. अकबराच्या काळात लिहिणारा अब्बास खान सरवानी चार सांगतो: पंजाबातल्या किल्ल्यापासून बंगालमधल्या सोनारगावपर्यंत, आग्र्याहून बुऱ्हाणपूरला, आग्र्याहून जोधपूर-चितोडला आणि लाहोरहून मुलतानला. १५४० ते १५४५, जेमतेम पाच वर्षांची राजवट. यातल्या बऱ्याच वाटा आधीपासून मळलेल्या होत्या. शेरशाहने त्या एकमेकींना जोडल्या आणि दर दोन कोसांवर सराय ठेवली.

हे 'दोन कोस' महत्त्वाचे. कोस साधारण तीन किलोमीटरचा धरला तर हे अंतर चालणाऱ्याला दीड तासाचे. घोडेस्वाराला एवढ्या जवळ थांबा कशाला हवा? हा हिशेब पायी जाणाऱ्याचाच. सरायच्या दाराशी पाण्याचे रांजण, मध्ये विहीर आणि मशीद. हिंदू प्रवाशांची सोय वेगळी, त्यांना पाणी आणि जेवण द्यायला ब्राह्मण नेमलेले. दुतर्फा फळझाडे, म्हणजे सावलीही. डाकेचे दोन घोडे प्रत्येक सरायीत असत, म्हणजे बादशाहाचा स्वार्थही होताच.

सरवानी सरायांचा आकडा १७०० देतो. तो मला पटत नाही. दोन कोसांना एक धरली तर रस्ता दहा हजार किलोमीटरचा होतो, आणि हे चारही मिळून तेवढे भरत नाहीत. आपल्या माणसाचे कौतुक करतानाही गुणाकार करून पाहावा!

बुऱ्हाणपूर तेव्हा फारुकी सुलतानांचे. तिथून दक्षिणेला खानदेश, मग अजिंठ्याचा घाट, पुढे औरंगाबाद, जालना. आज त्याच मुलखातून ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जातो. त्यावर पायी जायला मनाई, सायकललाही मनाई. वेगवान रस्त्यावर ती असावीच. पण त्याच्या जोडीला चालणाऱ्याची, सायकलवाल्याची सलग वाट कुठे आखली?

मे २०२० मध्ये टाळेबंदीत जालन्याहून मध्य प्रदेशातले मजूर गावी निघाले, पायी. त्यांनी रेल्वेचे रूळ धरले. ८ मेच्या पहाटे करमाडजवळ थकून रुळांवरच झोपलेल्या १६ जणांवरून मालगाडी गेली. फोटोत रुळांवर विखुरलेल्या भाकऱ्या दिसत होत्या.